तांदळात लिहिलेलं नाव

मी भूपाल. शाहूपुरीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं एक्स-रे काढतोय. दवाखान्याचं नाव सांगत न्हाय, उगं कुणाच्या तोंडाला लागायचं. पण संयोगिताताईंचं सांगणार, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. कुणीतरी ओरडायला पायजे होतं. त्या तर एकदाबी ओरडल्या न्हाईत.

संयोगिता जोतीराम इंगवले. वय शेहेचाळीस, अंगानं बारीक, चालणं भराभर. नवरा वारणानगरच्या कारखान्यात फिटर, राहायला तिथंच कामगारांच्या वसाहतीत. ताई रोज एसटीनं कोल्हापूरला यायच्या, जिन्याखालच्या रेकॉर्ड रूमचं कुलूप काढायच्या आणि लाल फडक्यात बांधलेल्या फायलींच्या गठ्ठ्यांत शिरायच्या. माझी एक्स-रेची खोली बरोबर समोर. त्यामुळं बावीस वर्षं मी त्यांचा एकच प्रश्न ऐकत आलोय. लग्न झालेली कुठलीबी बाई केसपेपर काढायला आली की ताई विचारायच्या, "माहेरचं नाव काय?"

बायका वैतागायच्या. एका सासूनं तर तोंडावर विचारलं, "सोयरीक जमवायची हाय व्हय गं?" ताई हसायच्या न्हाईत, चिडायच्या न्हाईत, नुसतं पेन धरून थांबायच्या. नाव सांगितल्याबिगर केसपेपर काय पुढं सरकायचा न्हाय. मग ते नाव एका जाड वहीत लाल शाईनं जायचं. डावीकडं सासरचं, उजवीकडं माहेरचं, आणि मध्ये फायलीचा नंबर. अशा नऊ वह्या भरल्या.

का, ते ऐका. आपल्याकडं पोरगी लग्नाला उभी राहिली की तिचं आडनाव जातं, बापाचं नाव जातं, आणि लई घरांत तिचं सवताचं नावबी जातं. नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितो, पावणं टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात, झालं. पोरगी डोळे पुसते आणि दुसरीच बाई होऊन ताटावरनं उठते. घरच्यांना त्यात काय वाटत न्हाय. पण दवाखान्याच्या कपाटात ती अजून जुन्याच नावानं बसलेली असते.

ताई नोकरीला लागून दोन-एक महिने झालते तेव्हाची गोष्ट. स्नेहल नावाची एक नवी सून तापानं फणफणलेली आणली. सासू तानाबाई बरोबर होती. डॉक्टरांनी खाली विचारायला पाठवलं, हिचे जुने कागद हाईत काय? तानाबाई म्हणाली, "पैल्यांदाच आलोय आम्ही ह्या दवाखान्यात." ताईंनी स्नेहल नावाची यादी वरनं खाली बघितली, चिठ्ठीवर लिहिलं, "जुनी फाईल नाही," आणि सही केली. वर पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. आधी थोडं टोचून बघायला पायजे होतं, ते कुणी बघितलं, कुणी बघितलं न्हाय, त्यावर पुढं लई भांडणं झाली. पोरगी तासाभरात गेली.

सांजच्याला तिची आई आली. ती माझ्या खोलीसमोर खाली बसली आणि एकच सांगत राहिली, "अवो, माझ्या मंगलला त्ये इंजेक्शन सोसत न्हाय म्हणून ह्याच दवाखान्यात लिवून दिलतं की." ताई उठल्या, मंगल नावाच्या गठ्ठ्यात हात घातला आणि दोन मिनिटांत फाईल काढली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पेनिसिलिन देऊ नये. दुसऱ्या दिवशी बाजारातनं लाल शाईचं पेन आणि पहिली वही आली.

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी दिली न्हाय. पण त्या वह्यांनी किती बायका वाचवल्या असतील ते मी डोळ्यांनी बघितलंय. भूल सोसत न्हाय अशी एक, रक्ताचा गट चुकीचा सांगणारी एक, लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेलं सासरी लपवलेली एक. डॉक्टर वरनं फोन करायचे, ताई वही उघडायच्या, फाईल वर जायची.

मग कॉम्प्युटर आले. आमच्यातले निम्मे लोक घाबरले, मीबी घाबरलो, फिल्म गेली आणि सगळं पडद्यावर आलं तेव्हा दोन रात्री मला झोप लागली न्हाय. ताई मात्र त्याच्यामागं हात धुवून लागल्या. त्यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यावर बसून नावाच्या खाली एक जादा चौकट घालून घेतली, माहेरचं नाव. नऊ वह्यांतली नावं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक-एक करून त्या चौकटीत भरायला लागल्या. चार वह्या भरून झाल्या होत्या.

एवढ्यावर थांबल्या न्हाईत. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी हेल्थ इन्फॉर्मेटिक्सचा डिप्लोमा धरला, घरी बसून करायचा, दोन वर्षांचा. म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "आण्णा, पेशंटची माहिती बरोबर माणसाला बरोबर वेळेला मिळाली पायजे, एवढंच त्यात हाय. बाकी सगळं इंग्रजी." जगभर प्रत्येक आजाराला एकच नंबर असतो, तो कसा द्यायचा, एका दवाखान्याची माहिती दुसऱ्याला कशी पाठवायची, कुणाला काय दिसू द्यायचं आणि काय न्हाय, हे त्या एसटीत वाचायच्या. एकदा नुसत्या नोंदी बघून त्यांनी सांगितलं की एकाच गावातनं हगवणीचे पेशंट वाढलेत, तिथलं पाणी तपासा. तपासलं, तर पाईप फुटून गटार आत शिरलेलं. डिप्लोमाचे सर त्यांना म्हणायचे, ह्या क्षेत्रात लई संधी हाय, मॅडम, लिपिकापासून प्रमुखापर्यंत जाता येतं. ताई ते वाक्य मला आठवड्यातनं दोनदा सांगायच्या. चेहरा कसा उजळायचा त्यांचा.

आणि ह्या वर्षी खरंच जागा निघाली. आरोग्य माहिती प्रमुख. डॉक्टरांच्या बैठकीत खुर्ची, हाताखाली चार माणसं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये काय असावं आणि काय नसावं ते ठरवायचा अधिकार. त्याच नोटीशीत खाली लिहिलं होतं, रेकॉर्ड रूम महिनाअखेर बंद, तिथलं पद रद्द. सगळ्या फायली स्कॅनिंगला जाणार.

नवं सॉफ्टवेअर पुण्यातनं येणार होतं. त्याचा नमुना दाखवला तेव्हा ताई पुढच्या रांगेत होत्या. नाव, वय, पत्ता, मोबाईल, आधार. माहेरच्या नावाची चौकट न्हाय. त्यांनी विचारलं तर कंपनीचा माणूस म्हणाला, तशी मागणी कुठल्याच हॉस्पिटलची नाही, तुमचा माहिती प्रमुख लेखी देईल तर बघू.

त्या दिवशी ताई माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसल्या. "आण्णा, मला खुर्ची नको हाय," म्हणाल्या. "खरं सांगते, मला पुढं पुढं करायची हौस न्हाय. पण ती चौकट गेली तर सगळ्या बायका परत दोन-दोन होत्यात. मंगल एकीकडं आणि स्नेहल एकीकडं. ती जागा मलाच मिळाली पायजे. न्हाय मिळाली तर मी काय करू, मला कळत न्हाय." मी म्हटलं, "तुम्हाला न्हाय तर कुणाला? ह्या दवाखान्यात तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

अर्ज ऑनलाईन होता. वशिला नको म्हणून ट्रस्टनं सगळी भरती बाहेरच्या एजन्सीला दिलेली. तो अर्ज माझ्या कॉम्प्युटरवर मी भरला. ताई शेजारी बसून सांगत होत्या, मी टायपत होतो. नाव आधारप्रमाणं, संयोगिता जोतीराम इंगवले. बी.कॉम.चं सर्टिफिकेट मीच स्कॅन केलं, मीच चढवलं. त्यावर नाव होतं, शालन आनंदा खोत. मी ते वाचलं. डोळ्यांनी वाचलं, डोक्यात शिरलं न्हाय. ताईंनीबी बघितलं, म्हणाल्या, "जरा वाकडं आलंय, सरळ करा की." आणि आम्ही कागद सरळ केला. बावीस वर्षं सगळ्या जिल्ह्यातल्या बायकांना माहेरचं नाव विचारणारी बाई, आणि तिला ते रोज विचारताना ऐकणारा मी, दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाय की ताईंनाबी एक माहेरचं नाव होतं. डिप्लोमाच्या वेळी केंद्रावरच्या माणसानं साध्या प्रतिज्ञापत्रावर भागवून घेतलतं, त्यामुळं तो विषयच डोक्यातनं गेलता.

मंगळवारी मोबाईलवर निरोप आला. अर्ज तूर्त अपात्र. प्रमाणपत्रावरील नाव व आधारवरील नाव जुळत नाही. शुक्रवारी पाचपर्यंत राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडावा.

ताई मोबाईल धरून माझ्या दारात आल्या. "माझं नाव, आण्णा," एवढंच म्हणाल्या. मला माझ्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

पुढचे तीन दिवस ती बाई पळाली. राजपत्राला महिना तरी लागतो म्हणाले. लग्न चोवीस वर्षांपूर्वी कागलच्या पुढं माहेरच्या दारात झालेलं, नोंद कुणी केली होती? बुधवारी ग्रामपंचायतीत गेल्या तर ग्रामसेवक तालुक्याला मीटिंगला. तिथंच दुपारपर्यंत पायरीवर बसल्या. तो आला आणि म्हणाला, लग्न लावणारे भटजी आणा, तीन साक्षीदार आणा, नवऱ्याला आणा. भटजी वारून दहा वर्षं झालेली. गुरुवारी जोतीरामभाऊ पाळी बदलून आले, चुलते आले, दोन शेजारी आले, सह्या झाल्या. ग्रामसेवक म्हणाला, "झालं. दाखला पंधरा दिवसांनी घेऊन जावा." ताई त्याच्या पाया पडायला वाकल्या. तो खुर्चीवरनं उठून मागं सरला, म्हणाला, "असं करू नगा वो, माझ्या हातात न्हाय." जोतीरामभाऊंनीच मला हे सांगितलं.

लग्नाची पत्रिका दाखवावी तर ती एकोणीसच्या पुरात माहेरच्या ट्रंकेसकट गेलेली. राहिला होता फक्त अल्बम, तो सासरी होता म्हणून.

शुक्रवारी दुपारी ताई एचआरच्या सम्राटकडं गेल्या. मी बरोबर गेलो, म्हटलं एकटीला कशाला सोडा. सम्राट पोरगा वाईट न्हाय, हसतमुख हाय, पण सगळं बोलणं स्क्रीनकडं बघून. ताईंनी पिशवीतनं नोटरीचं प्रतिज्ञापत्र काढलं. तो म्हणाला, हे पोर्टल घेत नाही. ग्रामपंचायतीची पोच काढली. तो म्हणाला, पोच नको, दाखला पाहिजे. मग ताईंनी एक फोटो काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. कडेला पिवळा पडलेला. ताटात तांदूळ, तांदळात बोटाएवढ्या अक्षरात "संयोगिता", अंगठी धरलेला जोतीरामभाऊंचा हात, आणि वर मुंडावळ्यांतनं खाली बघणारी बारकी पोरगी. ती हसत नव्हती.

"हे बघा," ताई म्हणाल्या, "हितं माझं नाव बदललं. ही मीच हाय. हे नाव लिहायच्या आधी ही शालन होती."

सम्राटनं फोटो नीट बघितला, हे मला कबूल केलं पायजे. मग म्हणाला, "मॅडम, पण ह्यात तुमचं जुनं नाव कुठं आहे?"

ताईंनी फोटो परत हातात घेतला आणि शोधल्यासारखा बघितला. खरंच नव्हतं. चोवीस वर्षांत त्यांच्याबी ध्यानात आलं नव्हतं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अरे, ह्या बाईला तू ओळखतोस का न्हाय? रोज हिच्या हातचा कागद घेतोस की. शालन म्हण, संयोगिता म्हण, माणूस एकच हाय ना?" तो म्हणाला, "भूपालकाका, मी ओळखतो हो. सिस्टीम ओळखत नाही." ट्रस्टच्या अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळेच येतील. ज्या डॉक्टरांना ताईंनी कॉम्प्युटर शिकवला, त्यांच्यापैकी दोघं त्याच मजल्यावर होते. एकानं "फार वाईट झालं" म्हटलं आणि राऊंडला गेला. पाच वाजले. ताई खुर्चीवरनं उठल्या, फोटो पदरानं पुसला, पिशवीत ठेवला. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "आण्णा, पाच वह्या भरायच्या राहिल्यात."

त्या वह्यांचं काय झालं, तेबी सांगतो. महिनाअखेरीला टेम्पो आले आणि सगळे गठ्ठे इचलकरंजीला गेले, तिथं माग बंद पडलेल्या एका शेडमध्ये स्कॅनिंग चालतंय. ताईंनी एजन्सीच्या माणसाला हात जोडून विचारलं, ह्या नऊ वह्या आधी घ्या. त्यानं यादी बघितली. वह्या यादीत न्हाईत, म्हणाला. जे यादीत न्हाय ते स्कॅन होणार न्हाय. रेकॉर्ड घरी न्यायचं न्हाय म्हणून ताईंना दिल्याबी न्हाईत, वह्या तशाच गठ्ठ्यांखाली टेम्पोत गेल्या. आता कुठं हाईत कुणाला ठाऊक. जुन्या कॉम्प्युटरवरची चार वह्यांची नावं नव्या सॉफ्टवेअरनं घेतलीच न्हाईत, घालायला चौकटच न्हाय म्हटल्यावर कुठं घेणार? ताईंनी रेकॉर्ड रूमचं कुलूप काउंटरवर जमा केलं आणि गेल्या. निरोप समारंभ असतोय ना, शाल-नारळ, तोबी कुणाला सुचला न्हाय. मलाबी न्हाय. मी खोलीचं दार लावून आत बसून होतो, समोर जायला तोंड नव्हतं.

प्रमुखाच्या जागेवर ऋतुराज आला. पुण्याचा, तीस-बत्तीसचा, हुशार हाय. मी त्याला गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मुद्दा बरोबर आहे, पुढच्या व्हर्जनला सुचवू. पुढचं व्हर्जन कधी, तर दीड वर्षानं.

अकरा दिवसांनी ताई परत आल्या. सकाळची पहिली एसटी पकडून, पिशवीत शाळेची एक शंभरपानी वही आणि लाल पेन घेऊन. केसपेपरच्या खिडकीपाशी बाकावर बसल्या आणि रांगेतल्या बायकांना विचारायला लागल्या, "माहेरचं नाव काय गं?" खिडकीतल्या नव्या पोरी एकमेकींकडं बघून हसल्या. काही बायका सांगायच्या, काही सरकून बसायच्या. एकीनं आपल्या पोराला जवळ ओढून घेतलं. मला ते बघवलं न्हाय. पण हात धरून उठवायचीबी हिंमत झाली न्हाय.

तिसऱ्या दिवशी ऋतुराज बाहेर आला. नीटच बोलला. "मॅडम, पेशंटची माहिती अशी बाहेरच्या माणसाला लिहून घेता येत नाही. कायद्यात बसत नाही."

"मला माहीत हाय," ताई म्हणाल्या. "मला डिप्लोमात त्या पेपराला पासष्ट मार्क हाईत. मग तुम्ही आत लिवा की. मी आत्ता उठते."

तो वॉचमन बाळासोला त्यांना बाहेर न्यायला सांगून आत गेला. बाळासो आमचा जुना माणूस. त्याच्या सुनेची फाईल एकदा ताईंनीच शोधून दिलती. त्यानं ताईंपुढं येऊन टोपी काढून हातात धरली. ताईच उठल्या, म्हणाल्या, "तुझी नोकरी कशाला घालवू रे." आणि बाहेर गेल्या.

आता त्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसतात. ऊन वर आलं की पदर डोक्यावर घेतात. आधारची झेरॉक्स काढायला बायका तिथं येतातच, त्यांना विचारतात. ती वही कुठल्या डॉक्टरपर्यंत पोचणार न्हाय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतंय. जोतीरामभाऊ मला फोन करून म्हणतात, आण्णा, तुम्ही तरी समजवा, घरात जेवत न्हाय, झोपत न्हाय, नुसती मंगल मंगल करते. मी काय समजवू? माझ्या खोलीत आलेल्या प्रत्येक बाईला आता मी माहेरचं नाव विचारतो आणि एक्स-रेच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहितो. पाकीट ती घरी घेऊन जाते. त्यापुढं माझा हात पोचत न्हाय.

परवा मी चहा घेऊन पायरीवर गेलो. ताई एका म्हातारीला आधारवरचं नाव वाचून दाखवत होत्या, वही शेजारी उघडी पडलेली. मी सहज पहिलं पान उलटलं. डावीकडं निळ्या शाईत, संयोगिता जोतीराम इंगवले. उजवीकडं लाल शाईत, शालन आनंदा खोत. मध्ये फायलीच्या नंबराच्या जागी त्यांनी सवताच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, जुनी फाईल नाही. आणि खाली सही केली होती.